ओठांवर अडलेला शब्द

वय झाले की विसरायला होते, हे आपण गृहीतच धरलेले असते. चष्मा कपाळावर चढवून घरभर शोधणारे आजोबा आणि किल्ली कनवटीला खोचून फडताळ धुंडाळणारी आजी हे तर आपल्या घराघरांतील विनोदाचे हक्काचे विषय. परंतु एखादी गोष्ट विसरणे वेगळे आणि गोष्ट पूर्ण ठाऊक असूनही तिचे नाव न सापडणे वेगळे. हा भेद सहजी कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आला नसता. पाच वर्षांपूर्वी ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, स्वयंपाकघरातील आदोळीचे नाव सापडेनासे झाले, तेव्हा मला त्याचा प्रथम विचार करावा लागला. आदोळी समोर होती. नारळ हातात होता. नारळ कसा खोवायचा हे हातांना ठाऊक होते. "ती... ती नारळाची... बसून..." असे म्हणत ते माझ्याकडे पाहत राहिले. आठवण शाबूत होती. फक्त शब्द आला नाही.

आमचे घर पेडणे तालुक्यातले. माझे माहेर बांद्याचे, म्हणजे सरहद्दीच्या पलीकडचे; पण बांदा आणि पेडणे यांच्यातली सरहद्द कागदावर जेवढी आहे तेवढी ती माणसांच्या जिभेवर कधीच नव्हती. ह्यांनी डिचोलीच्या बाजूला खनिजाच्या एका कचेरीत हिशेबनिसाची नोकरी केली. मात्र गावात ह्यांची खरी ओळख हिशेबनीस म्हणून नव्हती. ती होती प्रॉम्प्टर म्हणून. गोव्यात देवळाच्या उत्सवाला मराठी नाटक झाल्याशिवाय उत्सव झाल्यासारखा वाटत नाही. दिवसभर शेतात, दुकानात नाही तर शाळेत राबणारी माणसे रात्री तोंडाला रंग लावून उभी राहतात आणि ऐन वेळी त्यांची वाक्ये पळून जातात. अशा वेळी विंगेत नाटकाचे पुस्तक घेऊन बसलेला माणूसच तारणहार. ह्यांचे त्या कामाचे एक शास्त्र होते. संपूर्ण वाक्य सांगतो तो प्रॉम्प्टर कच्चा, असे ते म्हणत. पहिले अक्षर तेवढे पुरवावे आणि गप्प बसावे. पुढचे नटाच्या पोटात असतेच. अशा रीतीने कित्येकांचे शब्द सांभाळलेल्या माणसाचेच शब्द एक-एक करून निसटू लागले.

भोवतालच्या मंडळींनी त्याची नाना कारणे सांगितली. कुणी म्हातारचळ म्हटले, कुणी दृष्ट काढायला सांगितली, कुणी देवाला कौल लावला. एका दूरच्या नातेवाईक बाईंनी तर, घरात बोलायलाच कुणी नसेल तर माणूस बोलणार कसा, असा टोला मला हाणला. पुढे वाचनात आले की विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञांनी गोव्यातच याविषयी विचारपूस करून 2001 साली निबंध प्रसिद्ध केला होता. म्हातारपणी बुद्धी ढासळते हे इथल्या लोकांना चांगले ठाऊक आहे, पण त्याला ते आजार मानीत नाहीत. वयाचा धर्म मानतात, नाहीतर घरच्यांच्या हेळसांडीचे फळ समजतात, असे त्यांना आढळले. ते वाचून मला एक प्रकारे हायसे वाटले. त्या बाईंचा टोला एकट्या त्यांचा नव्हता, तो समाजाचाच समज होता.

अखेर आम्ही बांबोळीचे इस्पितळ गाठले. डॉक्टरांनी ह्यांच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या, चित्रे दाखवली, लहान वाक्ये म्हणवून घेतली, मग लांब वाक्ये. लहान वाक्य ह्यांनी बिनचूक म्हटले. लांब वाक्याचे अर्ध्यावर तुकडे झाले. वस्तूचे नाव येईना, पण ती कशासाठी वापरतात हे ते हाताने अचूक दाखवीत. मेंदूच्या चित्रात डावी बाजू थोडी आकसलेली दिसली. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले: प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेझिया. मराठीत सांगायचे तर हळूहळू वाढत जाणारा वाचालोप. स्मृतिभ्रंशाच्या कुळातलाच हा एक विकार. मात्र यात पहिला घाला स्मृतीवर न पडता भाषेवर पडतो.

डाव्या मेंदूचा आणि बोलण्याचा संबंध पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यवैद्याने 1861 साली दाखवून दिला. त्याच्या रोग्याला सगळे समजत असे, पण तोंडातून 'तां' एवढाच ध्वनी निघे. अर्धांगाच्या झटक्याने एकाएकी वाचा गेलेली माणसे आपणही पाहिली आहेत. झटका न येता वाचा सावकाश, वर्षानुवर्षे झिजत जाते, असे सहा रोगी अमेरिकेतील मार्सेल मेसुलाम यांनी 1982 साली एकत्र नोंदवले, आणि तेव्हापासून या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली. 2011 साली तज्ज्ञांनी त्याचे तीन प्रकार ठरवले. एकात बोलणे अडखळते आणि व्याकरण मोडते. दुसऱ्यात शब्दाचा अर्थच पुसला जातो; 'फणस' हा शब्द ऐकूनही फणस म्हणजे काय ते कळत नाही. तिसऱ्यात अर्थ शाबूत राहतो, पण शब्द वेळेवर हाती लागत नाही. ह्यांचा प्रकार तिसरा. या प्रकाराच्या मुळाशी बहुधा अल्झायमरचाच रोग असतो.

आपल्या परंपरेने वाणीचे परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी असे चार टप्पे मानले आहेत. डॉक्टर समजावून सांगत असता माझ्या मनात तेच आले. ह्यांची मध्यमा जागेवर आहे; तिथून वैखरीपर्यंतची वाट मोडली आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे वळते. आमचा मुलगा आखातात नोकरीला आहे. वडिलांच्या आजाराचे नाव कळताच त्याने रात्री जागून वाचन केले आणि फोनवर सांगितले, "आई, डोक्यावरून सौम्य वीज सोडून शब्द परत आणतात. बाबांच्या प्रकाराला तर गुण येतो असं सिद्ध झालंय." दूरच्या एका शहरात अशा उपचाराचे खाजगी केंद्र होते. मोपाचा विमानतळ आता घराजवळच झाला असल्याने प्रवासाची अडचण नव्हती. अडचण पैशांची होती. उपचाराचा, तिथल्या राहण्याचा आणि सोबतीच्या माणसाचा खर्च धरता आमची काजूची बागायत विकावी लागली असती. मुलगा म्हणाला, "बागायत काय करायची? बाबा बोलले पाहिजेत."

'डोक्याला वीज' म्हटल्यावर माझ्या जावेने तर पदर तोंडाला लावला. तिच्या डोळ्यांपुढे शॉक उभा राहिला. वाचकांपैकी अनेकांचाही तसाच समज होईल, म्हणून दोहोंतला फरक सांगते. शॉक-उपचार 1938 साली रोममध्ये सुरू झाला. त्यात मेंदूत मुद्दाम फेफरे उत्पन्न करतात. आता तो भूल देऊन करतात आणि तीव्र औदासीन्यात तो उपयोगीही पडतो. त्याची वीज शेकडो मिलिअँपिअरची असते. मी जिच्याविषयी लिहीत आहे ती वीज एक ते दोन मिलिअँपिअरची. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला बांधतात आणि सुमारे वीस मिनिटे हा प्रवाह सोडतात. रोगी जागा असतो, बोलत असतो. फार तर त्वचेला मुंग्या येतात किंवा खाज सुटते. एवढ्या विजेने मेंदूतील पेशी पेटून उठत नाहीत. त्या कामाला थोड्या अधिक तत्पर होतात, इतकेच. दुसरा प्रकार चुंबकाचा. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी 1985 साली तो यशस्वी करून दाखवला. डोक्याजवळ तारेचे वेटोळे धरून क्षणभर तीव्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात, आणि त्यामुळे कवटी न उघडता आत वीज उपजते. डोक्यात धातूचा तुकडा असलेल्यांना किंवा फेफऱ्याचा विकार असलेल्यांना तो धोक्याचा ठरू शकतो. कल्पना मात्र काही नवी नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळाला लावण्यास सांगे.

मग प्रश्न उरला तो गुणाचा. मुलाने पाठवलेले कागद मी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासाव्या तसे तपासले. जिथे अडले तिथे डॉक्टरांना विचारले. इटलीत ब्रेशिया येथे मारिया कोतेल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली अल्झायमरच्या पंधरा रोग्यांवर चुंबकाचा प्रयोग केला. वेटोळे चालू असताना रोग्यांना क्रियांची नावे अधिक सांगता आली. वस्तूंच्या नावांत मात्र तसा फरक पडला नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात किराना त्सापकिनी यांच्या गटाने ह्यांच्याच विकाराच्या छत्तीस रोग्यांवर सौम्य विजेचा प्रयोग करून 2018 साली निष्कर्ष मांडले. सर्वांकडून शब्द लिहून घेण्याचा सराव करून घेतला. एका पाळीत खरी वीज, दुसऱ्या पाळीत नुसता विजेचा देखावा. सरावाने दोन्ही पाळ्यांत सुधारणा झाली. खऱ्या विजेच्या पाळीत मात्र ती अधिक टिकली, दोन महिन्यांनंतरही दिसली, आणि सरावात नसलेल्या शब्दांपर्यंतही पोहोचली. शब्दाचा अर्थच पुसला गेलेल्या रोग्यांना हा जादा लाभ झाला नाही. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या रोग्यांना झाला.

म्हणजे मुलाचे म्हणणे निराधार नव्हते. माझी खरी कसोटी इथेच लागली. उपचार निव्वळ थोतांड असता तर नाही म्हणणे सोपे होते.

परंतु ते कागद पुन्हा वाचताना एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. वीज एकटी कुठेच नव्हती. जिथे टिकाऊ गुण आला तिथे विजेच्या जोडीला रोजचा सराव होता. शिकवणारा माणूस समोर बसलेला होता. कुळागराचे उदाहरण घ्या. पाटाचे पाणी सोडले की पोफळीचे रोप जोमाने वाढते. पण आधी रोप लावलेले असावे लागते. मोकळ्या वाफ्यात पाणी सोडले तर तण माजते. मी त्या केंद्राला फोन करून विचारले की बोलण्याचा सराव कोण घेईल आणि तो कोणत्या भाषेत. उत्तर मिळाले, "बाई, सराव कशाला? सगळं काम मशीनच करतं." आणखी एक गोष्ट तितकीच स्पष्ट होती. या विजेने रोग थांबतो असे त्या संशोधकांपैकी कुणीही म्हटलेले नाही. शब्द काही आठवडे, काही महिने अधिक टिकतील. खालची माती मात्र खचत राहील. बागायत एकदाच विकता येते. पुढे हे अंथरुणाला खिळले तर सोबतीच्या बाईचा पगार त्याच काजूवर निघायचा होता.

तरीही हा निर्णय माझ्या एकटीचा नव्हता. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ह्यांच्याकडे वळून सरळ ह्यांनाच विचारले. तोवर आम्ही सगळे ह्यांच्याविषयी ह्यांच्या देखत बोलत होतो. समज शाबूत असलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत एवढ्यावरून त्याचे मतही नाही असे आपण किती सहज धरून चालतो! डॉक्टरांनी चित्रे दाखवली: विमान, इस्पितळ, डोक्याला बांधलेला पट्टा, आणि दुसऱ्या बाजूला घर. ह्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "नाका." मी घरी आणखी दोनदा, वेगवेगळ्या दिवशी, चित्रांची जागा बदलून विचारले. दोन्ही वेळा तेच उत्तर. मुलाला ते पटले नाही. तो फोनवर रडला. अजूनही त्याला वाटते की आईने बागायत राखली आणि बाबांचे बोलणे घालवले. या गोष्टीला माझ्याजवळ उत्तर नाही. ती मी सोसते.

वीज नाकारली तरी सराव नाकारला नव्हता. वाचा-उपचार करणाऱ्या तरुण ताईंनी पहिल्याच दिवशी विचारले, "घरात कोणती भाषा?" गोव्यात हा प्रश्न काही साधा नाही. त्यावरून 1967 सालच्या जनमत कौलाच्या वेळी घराघरांत वाद झाले, आणि 1987 साली राजभाषेचा कायदा होताना पुन्हा झाले. पण आजाऱ्याच्या उशाशी वाद चालत नाही, हिशेब द्यावा लागतो. मी हिशेब दिला. मासे घेणे, रागावणे, हसणे कोंकणीत. वर्तमानपत्र, देवाचे, नाटक आणि पत्रव्यवहार मराठीत. आणि आकडे पोर्तुगीजमध्ये. कारण मुक्तीच्या वेळी हे दहा वर्षांचे होते आणि पाढे पोर्तुगीज शाळेत पाठ झाले होते. सुवर्णा अल्लाडी यांनी हैदराबादेत स्मृतिभ्रंशाचे 648 रोगी तपासून 2013 साली दाखवले होते की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरीने साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. सगळ्याच देशांतील पाहण्यांत असे आढळले नाही, हेही खरे. तथापि तीन भाषांनी आमच्या घराला चार बरी वर्षे अधिक दिली असतील, या विचाराने मला समाधान वाटते.

परदेशी चाचणीतील चित्रे आमच्या कामाची नव्हती. बॉस्टनच्या प्रसिद्ध चाचणीत एस्किमोंचे बर्फाचे घर आहे, बीव्हर नावाचा प्राणी आहे. पेडण्याच्या माणसाला ती नावे निरोगीपणीही यायची नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आपल्याकडील लोकांसाठी चाचण्यांचा संच तयार केला. तो पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत झाला. म्हणून ताईंच्या सांगण्यावरून मी घरचीच वही केली. आदोळी, कोयता, समई, घागर, छत्री, गोळ्यांची डबी, आमचा मुलगा, नातू, देऊळ यांचे फोटो एका पानावर; समोर नाव. रोज सकाळी पेज घेतल्यावर दहा शब्द. ह्यांना जो शब्द ज्या भाषेत आधी येईल तो त्या भाषेत खरा मानायचा, हा आमचा नियम.

नाव अडले तर पूर्ण सांगायचे नाही, पहिला ध्वनी तेवढा पुरवायचा, असे ताईंनी शिकवले. वाचा-उपचाराची ही मान्य रीत आहे. विंगेतली ह्यांची सगळी विद्या यांत आली, हे ऐकून मी चकित झाले. मी 'आ...' म्हणते, थांबते, आणि पुष्कळदा 'आदोळी' येते. पुष्कळदा येत नाही. आरती मात्र हे अजून सलग म्हणतात. पाठ झालेली ओळ आणि जुळवून बोललेले वाक्य यांचे मार्ग मेंदूत वेगळे असतात असे डॉक्टर सांगतात. म्हणूनच आरती ऐकून "आता बरे झाले की!" म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी गोड हसून चहा देते.

आपण बायका नवऱ्याचे नाव सहजी घेत नाही. उखाण्यात लपवून घेतो. माझ्या पिढीने तर जन्म 'हे' आणि 'अहो' यांवर काढला. आता ह्यांनाही माझे नाव सापडत नाही. पण हाक मारताना 'गो' हे संबोधन अजून जिभेवर आहे, आणि त्या एका अक्षरात किती छटा असतात ते कोंकणी-मराठीत संसार केलेल्यांना सांगायला नको.

अशा घरांना खरा आधार कशाचा, याचाही शोध गोव्यात घेतला गेला आहे. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या दोन तालुक्यांत स्मृतिभ्रंशाचे रोगी असलेल्या 81 कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात ना यंत्र होते, ना वीज. शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते घरी जात, आजाराची माहिती देत, रोग्याशी कसे वागावे ते सांगत, सांभाळणाऱ्याचे ऐकून घेत. डॉक्टर मागे उभे असत. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने मोजण्याइतका कमी झाला. अशी माणसे प्रत्येक गावात फिरू लागली तर पेडणे-डिचोलीतल्या किती सुनांची आणि बायकांची हेळसांडीच्या आरोपातून सुटका होईल!

वाचकांपैकी कुणाच्या घरी शब्द हरवू लागले असतील तर माझे एवढेच सांगणे आहे. म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. विजेचा उपचार कुणी सुचवला तर तीन प्रश्न विचारा: आमच्या माणसाचा प्रकार कोणता, सोबत शब्दांचा सराव कोण आणि कोणत्या भाषेत घेणार, आणि गुण किती दिवस टिकल्याचे नोंदले आहे. उत्तरे नीट मिळाली तर हा उपचार तुच्छतेने नाकारू नका. या विद्येची सुरुवात आहे आणि ती प्रामाणिक हातांत वाढत आहे. यंत्र विकत आणून घरी प्रयोग मात्र करू नका.

मीही दार बंद केलेले नाही. उद्या बांबोळीत, सरावाची जोड देऊन, कुणी असा प्रयोग सुरू केला आणि ह्यांनी 'नाका' म्हटले नाही, तर मी ह्यांना पहिल्या बसने घेऊन जाईन. बरोबर वही नेईन. तिची चौदा पाने भरली आहेत. काल पंधराव्यावर नातवाचा नवा फोटो चिकटवला.